सेवेत असताना शिक्षकाने करावयाचा अभ्यास
(जिवती तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी)

१. विषयाची ओळख



जून महिन्याच्या अखेरीस आपल्या भागातील शाळा उघडतात. माणिकगडच्या पहाडावरील एखाद्या कोलामगुड्यात त्या दिवशी पाच-सहा मुले पहिलीच्या वर्गात प्रथमच येऊन बसतात. शिक्षक मराठीत बोलतात, पाठ्यपुस्तक मराठीत असते, फळ्यावरील शब्दही मराठीच असतो. मुलांच्या कानांवर मात्र जन्मापासून कोलामी पडलेली असते. शिक्षक प्रश्न विचारतात आणि मूल गप्प राहते. मूल लाजरे आहे, मंद आहे, की प्रश्नच त्याला कळलेला नाही, याचा निवाडा शिक्षकाला त्याच क्षणी करावा लागतो. हा निवाडा कसा करावा हे पदविकेच्या दोन वर्षांत पुरेसे शिकून झालेले नसते. ते सेवेत असतानाच शिकावे लागते.

दुसऱ्या बाजूने खात्याच्या अपेक्षाही आहेत. दरवर्षी ठराविक तासांचे प्रशिक्षण पूर्ण करावयाचे असते. वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी प्रशिक्षणाची अट असते. पदोन्नतीसाठी पदवी लागते, आणि आता पात्रता परीक्षेचा प्रश्नही पुष्कळ शिक्षकांपुढे उभा आहे. हे सर्व करावयाचे ते पहाडावरील एक-दोन शिक्षकांच्या शाळेत राहून. तालुक्याहून गडचांदूर, राजुरा या मार्गाने चंद्रपूर गाठावयाचे म्हणजे सबंध दिवस जातो, आणि गावात दूरध्वनीचा संपर्क मिळेलच असा भरवसा नसतो.

अशा स्थितीत कोणता अभ्यास हाती घ्यावा व तो कसा करावा, हा या पाठाचा विषय आहे. आरंभीच एक कसोटी सांगून ठेवणे इष्ट होय. कोणताही अभ्यासक्रम निवडताना शिक्षकाने स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. या अभ्यासाची नोंद माझ्या सेवापुस्तकात होईल काय? आणि या अभ्यासाचा उपयोग उद्या माझ्या वर्गात होईल काय? ज्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी होकारार्थी येईल, तो अभ्यास प्रथम करावा. केवळ पहिल्याच प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येत असेल, तर त्या अभ्यासाला वर्गाशी कसे जोडता येईल हे पाहावे. पुढील विवेचन याच कसोटीला धरून केले आहे.

२. आपल्याच पहाडातील एक जुना प्रयोग

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा विचार आपल्या या मुलखाला नवा नाही. आज ज्यास जिवती तालुका म्हणतात तो प्रदेश पूर्वी राजुरा तालुक्यात होता, आणि राजुरा तालुका निझामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली तो नांदेड जिल्ह्यास व १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला.

१९४० साली त्या आदिलाबाद जिल्ह्यात कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंड व कोलाम जमातींचा जमिनीच्या हक्कासाठी लढा झाला आणि जोडेघाट येथे भीम यांना वीरमरण आले. त्यानंतर तेथील आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करण्याचे काम हैदराबाद सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपविले. ते व त्यांच्या पत्नी मार्लवाई या गोंड खेड्यात येऊन राहिले. जमिनीच्या प्रश्नाबरोबर शिक्षणाचाही प्रश्न त्यांच्यापुढे आला. गोंडी बोलणारी मुले आणि ती भाषा न जाणणारा शिक्षक, असा तो प्रश्न होता. आज आपल्या वर्गात जी अडचण आहे, तीच ती.

त्यावर त्यांनी काढलेला मार्ग ध्यानात घेण्याजोगा आहे. १९४३ साली मार्लवाई येथे शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. ज्यांना थोडेफार मराठी लिहिता-वाचता येत होते असे मोजकेच गोंड तरुण त्या वेळी उपलब्ध होते. त्यांनाच अध्यापनाचे शिक्षण देऊन शाळांवर नेमण्यात आले. मुलांसाठी गोंडी भाषेतील वाचनपुस्तके तयार झाली, आणि ती देवनागरी लिपीत होती. म्हणजे मुलाने प्रथम आपल्या भाषेतून अक्षर ओळखावयाचे आणि मग त्याच अक्षरांच्या आधारे दुसऱ्या भाषेकडे जावयाचे, असा क्रम ठरला. मार्लवाई आज तेलंगण राज्यात आहे, परंतु ते खेडे व आपला तालुका एकाच डोंगराळ मुलखात मोडतात, आणि तेथील गोंड व कोलाम आपल्या गावांतील लोकांचेच भाऊबंद आहेत.

त्याच काळातील दुसरे उदाहरण सेतुमाधवराव पगडी यांचे आहे. ते हैदराबाद संस्थानात प्रशासकीय अधिकारी होते. आदिलाबाद जिल्ह्यात सेवा करीत असताना त्यांनी गोंडी व कोलामी या भाषा शिकून घेतल्या आणि त्यांची व्याकरणे लिहिली. पुढे इतिहासकार म्हणून त्यांची कीर्ती झाली. व्याकरण लिहिण्याची अपेक्षा कोणी आपणापासून करीत नाही, परंतु नोकरीचा व्याप सांभाळून लोकांची भाषा शिकता येते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

या प्रयोगापासून दोन गोष्टी घ्याव्यात. शिक्षकाचे प्रशिक्षण मुलाच्या भाषेपासून सुरू झाले, ही पहिली. प्रशिक्षणाचे केंद्र दूरच्या शहरात न ठेवता ज्या लोकांसाठी शाळा काढावयाच्या त्यांच्याच खेड्यात ठेवले, ही दुसरी.

३. शिक्षकाच्या शिक्षणाची परंपरा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षकांविषयी स्पष्ट मते मांडली आहेत. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्य तो शेतकरी वर्गातून आलेले असावेत, प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास त्यांना संकोच वाटू नये, आणि त्यांस दरमहा बारा रुपयांहून कमी वेतन नसावे, असे त्यांनी सांगितले. प्रशिक्षण, वेतन आणि मुलांच्या जीवनाशी जवळीक या तीन गोष्टी त्यांनी एकत्र मांडल्या हे लक्षात घ्यावे. यांपैकी एकीला वगळून दुसरीचा विचार केला म्हणजे प्रशिक्षण निर्जीव होते किंवा शिक्षक असंतुष्ट राहतो.

सेवेत राहून शिकण्याचे उत्तम उदाहरण अनुताई वाघ यांचे आहे. त्यांचा जन्म १९१० साली झाला. बालवयातच वैधव्य आले असता त्या शिकल्या व शिक्षिका झाल्या. पुण्यास नोकरी करीत असतानाच त्यांनी पुढील शिक्षण चालू ठेवले, आणि पदवी तर वयाची पन्नास वर्षे उलटल्यावर मिळविली. परंतु त्यांच्या शिक्षणाचा मोठा भाग परीक्षेच्या बाहेर घडला. १९४५ साली त्या ताराबाई मोडक यांच्याबरोबर त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाच्या कामासाठी गेल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत स्थिरावले. तेथे मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षिका स्वतः शिकत राहिली म्हणूनच शाळेचे रूप बदलू शकले. आपल्या भागातही गुरे-शेळ्यांमागे जाणारी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आईवडिलांबरोबर रानात राहणारी मुले आहेत. त्यांच्या गैरहजेरीकडे पाहण्याची दृष्टी या उदाहरणातून मिळू शकेल.

अगदी अलीकडील उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे आहे. २०२० साली त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत त्यांनी केलेल्या तंत्रज्ञानाच्या उपयोगाची वाखाणणी सर्वत्र झाली. परंतु त्या शाळेतील मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि ती भाषा त्यांनी प्रथम शिकून घेतली, ही गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची होय. यंत्र नंतर आले, भाषा आधी आली.

४. आज उपलब्ध असलेले मार्ग

(अ) केंद्राची शिक्षण परिषद.—सुमारे दहा शाळांचे एक केंद्र व त्यावर केंद्रप्रमुख, अशी रचना आपल्या राज्यात आहे. केंद्रातील शिक्षकांची परिषद हे शिक्षकाच्या अभ्यासाचे सर्वांत जवळचे ठिकाण होय. परिपत्रके वाचून दाखविणे व माहितीचे तक्ते गोळा करणे यांतच परिषदेचा वेळ संपला, तर ती संधी वाया जाते. प्रत्येक परिषदेत एका शिक्षकाने आपल्या वर्गातील एक अडचण व तिच्यावर केलेला उपाय पंधरा मिनिटांत मांडावा आणि इतरांनी त्यावर चर्चा करावी, असा पाठ ठेवता येईल.

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांचे काम याच दिशेने झाले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग चालविले. महाराष्ट्राच्या सर्व भागांतून शिक्षक ते वर्ग पाहण्यास गेले, आणि २०१५ साली शासनाने हाती घेतलेल्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या कार्यक्रमालाही त्या कामापासून चालना मिळाली. एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग पाहणे, हे प्रशिक्षणाचे फार परिणामकारक साधन आहे. मात्र पाहून आल्यावर केवळ फरशी रंगवून घेतली म्हणजे ती पद्धती आपल्या शाळेत आली असे होत नाही. मुलाने स्वतः करून शिकावे हे तिचे मर्म आहे, आणि ते साध्या चिंचोके-खड्यांनीही साधते.

(आ) वार्षिक प्रशिक्षण.—२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने व मुख्याध्यापकाने दरवर्षी किमान पन्नास तासांचे व्यावसायिक विकासाचे शिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा सांगितली आहे. पन्नास तास म्हणजे आठवड्यास सुमारे एक तास. असा हिशेब केला म्हणजे त्याचा बोजा वाटत नाही. या प्रशिक्षणाची राज्य पातळीवरील जबाबदारी पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे असून, जिल्ह्यात ते काम चंद्रपूर येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था पाहते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अशा संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत निघाल्या. केंद्र सरकारचा 'निष्ठा' हा प्रशिक्षण कार्यक्रम २०१९ साली आणि 'दीक्षा' हे संगणकीय व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. ज्या गावी संपर्क मिळत नाही तेथील शिक्षकांनी आठवडी बाजारास किंवा सभेस खाली गेले असता आवश्यक तो आशय उतरवून घ्यावा व गावी शांतपणे अभ्यासावा. चित्रफीत पुढे सरकवून प्रमाणपत्र मिळविणे सोपे आहे, पण त्यात शिक्षकाचा वेळ जातो आणि मुलांच्या पदरात काही पडत नाही.

(इ) पदवी व अध्यापन-पदवी.—पुष्कळ शिक्षक बारावीनंतर अध्यापन पदविका घेऊन सेवेत आले आहेत. त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हा सोयीचा मार्ग आहे. त्याची स्थापना १९८९ साली झाली. नोकरी न सोडता मराठी माध्यमातून तेथे पदवी घेता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून कार्य करीत आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांवर पदवीधर शिक्षक म्हणून काम करू इच्छिणाऱ्यास पदवी आवश्यक आहे. दूरशिक्षणातून बी.एड. करावयाचे असल्यास राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार तो अभ्यासक्रम किमान दोन वर्षांचा असून, प्रशिक्षित व सेवेतील प्राथमिक शिक्षक त्यास पात्र आहेत. गडचिरोली येथील गोंडवाना विद्यापीठ २०११ साली चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी स्थापन झाले, हेही येथे नमूद करावे.

प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. अभ्यासक्रमास योग्य त्या संस्थेची मान्यता आहे किंवा नाही, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेवरून पाहावे, कारण नियम बदलत असतात. आणि नियमाप्रमाणे खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी. कोणा मध्यस्थाच्या सांगण्यावरून दूरच्या अपरिचित संस्थेत पैसे भरू नयेत.

(ई) वेतनश्रेणीचे प्रशिक्षण.—बारा वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर वरिष्ठ श्रेणी व चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणी यांचा विचार होतो, आणि त्यासाठी विहित प्रशिक्षण पूर्ण असावे लागते. सेवेची वर्षे मोजून एक वर्ष अगोदरच आपली कागदपत्रे तपासून घ्यावीत. प्रशिक्षणाची सूचना निघाली आणि ती आपल्या गावी उशिरा पोहोचली असे होऊ नये, म्हणून केंद्रातील शिक्षकांनी एकमेकांस निरोप देण्याची व्यवस्था ठेवावी.

५. शिक्षक पात्रता परीक्षा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यानंतर नव्या शिक्षकासाठी पात्रता परीक्षा ठरविण्यात आली. आपल्या राज्यात ही परीक्षा २०१३ पासून महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेत आहे. पूर्वीपासून सेवेत असलेल्या शिक्षकांस ती लागू नाही, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाने ही स्थिती बदलली. ज्या शिक्षकांच्या सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी आहे, त्यांनी निर्णयापासून दोन वर्षांच्या आत परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असे न्यायालयाने सांगितले. ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली आहे त्यांस परीक्षेशिवाय सेवेत राहता येईल, परंतु पदोन्नती हवी असल्यास तीही परीक्षेवाचून मिळणार नाही. या निर्णयाचा फेरविचार व्हावा यासाठी निरनिराळ्या राज्यांतून प्रयत्न झाले आहेत. त्यांचा निकाल काहीही लागो, अभ्यास थांबवून वाट पाहत बसणे हिताचे नाही. झालेला अभ्यास वाया जात नाही, गेलेला वेळ मात्र परत येत नाही.

वीस-वीस वर्षे शिकविलेल्या शिक्षकास पुन्हा परीक्षार्थी होणे मनाला लागते, हे खरे आहे. ज्याच्या घरी मुलांची शिक्षणे चालू आहेत आणि वृद्ध आईवडील आहेत, त्याला ही केवळ मानाची नव्हे तर उपजीविकेची बाब आहे. ती चिंता रास्त आहे, परंतु ती अभ्यासाच्या मार्गानेच कमी होईल.

परीक्षेचे स्वरूप असे आहे. पहिली ते पाचवीसाठी पहिली प्रश्नपत्रिका असून तीत बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास असे पाच विभाग असतात. प्रत्येक विभागास ३० याप्रमाणे एकूण १५० प्रश्न व १५० गुण असतात. सहावी ते आठवीसाठी दुसरी प्रश्नपत्रिका असून तीत पहिले तीन विभाग तसेच राहतात, आणि उरलेले ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांस असतात. उत्तीर्ण होण्यास सर्वसाधारण प्रवर्गास साठ टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. राखीव प्रवर्गास पंचावन्न टक्क्यांची सवलत आहे. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये.

या विभागांकडे नीट पाहिले असता असे दिसेल की, गणित व परिसर अभ्यास हे आपण रोज शिकवितो तेच विषय आहेत. मात्र प्रश्न वरच्या इयत्तांच्या पातळीपर्यंत जातात, यास्तव आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके क्रमाने सोडवून काढावीत. अनेकांस इंग्रजी कठीण जाते. त्यासाठी रोज एक उतारा वाचून त्यावरील प्रश्न सोडविण्याची सवय सहा महिने ठेवावी. बालमानसशास्त्राचा विभाग पाठांतराने साधत नाही. पियाजे व वायगॉट्स्की यांची मते केवळ नावे लक्षात ठेवून कळणार नाहीत. आपल्या वर्गातील मुलाकडे पाहूनच ती उमगतात. मोठ्या मुलाने घरच्या बोलीत समजावून सांगितले असता लहान मुलाला बेरीज कळली, हे आपण नेहमी पाहतो. एकट्याला न येणारी गोष्ट जाणत्याच्या मदतीने साधते, हे वायगॉट्स्कीचे म्हणणे त्यातच आहे. अशा रीतीने अभ्यास केल्यास परीक्षा व वर्ग यांतील अंतर पुष्कळ कमी होईल.

६. मुलाच्या भाषेचा अभ्यास

ज्या अभ्यासासाठी कोणतेही प्रमाणपत्र मिळत नाही, परंतु ज्यावाचून आपल्या तालुक्यातील इतर सर्व अभ्यास अपुरा राहतो, तो म्हणजे मुलांच्या घरच्या भाषेचा अभ्यास होय. जिवती तालुक्यात मराठीबरोबर कोलामी, गोंडी, बंजारा व तेलुगू या भाषा बोलल्या जातात. सीमेवरील चौदा गावांत तर मराठी व तेलुगू या दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत.

गोंडी व कोलामी या द्राविड कुळातील भाषा आहेत, तर मराठी व बंजारा आर्य कुळातील. या माहितीचा वर्गात काय उपयोग, असे कोणी विचारील. एक उदाहरण घेऊ. मराठीत तीन लिंगे आहेत. तो दगड, ती वही, ते झाड, असा प्रत्येक निर्जीव वस्तूलाही लिंगभेद आहे. गोंडी व कोलामीत मुख्य भेद दोनच आहेत. पुरुष एका वर्गात, आणि स्त्रिया, प्राणी व वस्तू दुसऱ्या वर्गात. म्हणून कोलाम मूल 'ते झाड' याऐवजी 'ती झाड' म्हणते, तेव्हा ते निष्काळजी नसते. आपल्या भाषेचा नियम ते मराठीस लावीत असते. हे जाणणारा शिक्षक मुलास रागावणार नाही. वस्तू हाती देऊन, वाक्ये पुनःपुन्हा बोलून घेऊन तो सराव करवील. याच्या उलट, 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद या दोन्ही भाषांत आहे, त्यामुळे तो मुलांस समजावून देण्यास श्रम पडत नाहीत. कोठे अडेल व कोठे सहज जमेल, हे भाषेच्या ज्ञानाने आधीच कळते.

गोंडीत एक ते पाच हे अंक साधारणपणे उंदी, रंड, मुंद, नालुंग, सयुंग असे मोजतात. पाण्यास गोंडीत 'येर' व कोलामीत 'ईर' म्हणतात. गावोगाव उच्चार बदलतो, म्हणून आपल्या गुड्यातील वृद्धांकडून शब्द पडताळून घ्यावेत. पहिलीच्या वर्गात पहिले काही दिवस याच अंकांनी खडे मोजून घेतले, तर मुलांस गणित व मराठी या दोन नव्या गोष्टी एकदम शिकाव्या लागणार नाहीत.

यासाठी शिक्षकाने एक शब्दवही ठेवावी. प्रत्येक पानावर मराठी शब्द, मुलांच्या बोलीतील शब्द आणि तो वापरून मुलाने बोललेले एक वाक्य, असे तीन रकाने करावेत. रोज तीन शब्द लिहिले, तरी वर्षाच्या सुमारे दोनशे शालेय दिवसांत सहाशे शब्द होतात. पहिलीच्या वर्गाचा बहुतेक व्यवहार एवढ्या शब्दांत चालू शकेल. अंगणवाडी सेविका, गावातील आजीआजोबा आणि वरच्या वर्गातील मुले हे आपले गुरू होत. दिवाळीच्या सुमारास गावात दंडारी असते, त्या वेळी सुटीतला एक दिवस गावात राहून गाणी ऐकावीत व लिहून घ्यावीत. शिक्षक आपली भाषा शिकत आहे असे दिसले म्हणजे पालकही शाळेविषयी आपुलकीने बोलू लागतात.

७. वर्षाची आखणी

वर्षभराची कामे पुढीलप्रमाणे वाटून घेता येतील.

(१) जून-जुलै.—मुलांच्या बोलीची नोंद सुरू करावी. पावसाने वाटा बंद असतात, संध्याकाळी वाचनास वेळ मिळतो. बालमानसशास्त्राचे एक पुस्तक याच दिवसांत पूर्ण करावे.

(२) ऑगस्ट ते ऑक्टोबर.—आठवड्यास एक तास वार्षिक प्रशिक्षणाचा ठेवावा. रोज अर्धा तास गणित व इंग्रजीस द्यावा. पात्रता परीक्षेची जाहिरात केव्हा निघते याकडे लक्ष असावे.

(३) नोव्हेंबर ते जानेवारी.—जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. शेजारच्या शाळेचा एक वर्ग पाहावा व आपला एक वर्ग त्यांस दाखवावा.

(४) फेब्रुवारी ते एप्रिल.—शब्दवहीची छाननी करून केंद्रातील सर्व वह्यांचा एक संग्रह करावा. पुढील वर्षी नव्याने येणाऱ्या शिक्षकाच्या हाती तो द्यावा.

(५) उन्हाळ्याची सुटी.—पदवी किंवा बी.एड. यांचे संपर्कवर्ग व लेखनकार्य शक्य तो याच काळात उरकावे.

शाळा एक किंवा दोन शिक्षकांची असेल तर प्रशिक्षणास गेलेल्या दिवशी मुलांचे काय, याची व्यवस्था आधी करावी. दोघांनी एकाच वेळी प्रशिक्षणास जाऊ नये. शिक्षकाच्या अभ्यासासाठी शाळा बंद राहिली, तर त्या अभ्यासाचा हेतूच हरवतो.

८. समारोप

परीक्षा उत्तीर्ण व्हावी, तास पूर्ण व्हावेत, पदवी मिळावी, हे सर्व आवश्यक आहे. त्याने शिक्षकाची नोकरी सुरक्षित होते व त्याचा मान वाढतो. परंतु वर्षाअखेरीस शिक्षकाने आपल्या अभ्यासाचा आढावा घेताना त्या पहिल्या दिवशीच्या गप्प मुलाकडेही पाहावे. ते आता बोलते काय? आपल्या बोलीत का होईना, प्रश्न विचारते काय? तसे झाले असेल, तर वर्षभराचा अभ्यास कारणी लागला असे समजावे.

स्वाध्याय

१. आपल्या वर्गातील मुलांच्या घरच्या भाषा कोणत्या? प्रत्येक भाषेची किती मुले आहेत, याचा तक्ता करा.

२. मुलांच्या मराठी बोलण्यातील पाच चुका लिहून काढा. यांपैकी कोणत्या चुका त्यांच्या बोलीच्या नियमामुळे होत असतील, याचा गावातील जाणत्यांशी बोलून विचार करा.

३. आपल्या सेवेची वर्षे, सेवानिवृत्तीचा दिनांक, पूर्ण झालेली प्रशिक्षणे व राहिलेली प्रशिक्षणे एका पानावर लिहा.

४. पात्रता परीक्षेची एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवा. कोणत्या विभागात गुण कमी पडतात ते पाहून पुढील तीन महिन्यांचे वेळापत्रक आखा.

५. शिक्षण परिषदेतील चर्चेसाठी : आपल्या केंद्रातील शाळांनी मिळून एक शब्दसंग्रह तयार करावयाचा झाल्यास कामाची वाटणी कशी करावी?